खंडेनवमीच्या पिस्तुलाचा बाजारभाव

ती दुपार आठवली की आजही मला हसू येतं. हे प्रकरण नोकरीतलं नव्हे. निवृत्तीनंतर सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये लेकीकडे राहायला आलो तेव्हाचं. पण शस्त्र परवाना शाखेत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचं पोलीसपण गणवेशाबरोबर जमा होत नाही.

खंडेनवमीचा दिवस होता. लेकीने फोन माझ्यापुढे धरला. "बाबा, आमच्या मराठी ग्रुपवर एकाने विचारलंय. तुमचाच विषय आहे."

विचारणारा पुण्याचा तरुण अभियंता. बेडोकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा, आई नुकतीच त्याच्याकडे आलेली. त्याने लिहिलं होतं, 'वडिलांच्या पलटणीच्या गौरवार्थ काढलेलं स्मारक पिस्तूल. मुठीवर सोनेरी नक्षी. आज पूजा केली. विकायचं झालं तर अंदाजे किती येतील?' खाली फोटो. पाटावर पिस्तूल, त्यावर हळदकुंकू, बाजूला झेंडू.

किंमत राहिली बाजूला. मला पाटामागचं जाड पोलादी दार दिसलं. इथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये आणीबाणीसाठी निवाऱ्याची खोली असते, तिचं दार. म्हणजे फोटो पुण्याचा नव्हता.

इथे विनापरवाना हत्यार सापडलं तर तुरुंग, आणि वर वेताचे फटके. नोकरी आणि इथे राहायचा पास जाणं ही त्यापुढे किरकोळ गोष्ट. लेकीने त्याला फोन लावला. तो वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात, बहुधा मीटिंगमध्ये. फोन बंद.

"बाबा, चांगला मुलगा आहे हो. आयुष्यातून उठेल."

"खात्री करू. खरं निघालं तर मात्र मी स्वतः पोलिसांना कळवणार. ओळखीचा म्हणून गप्प बसणार नाही."

लेकीला त्याचं घर माहीत होतं. आम्ही लगेच एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बेडोकला निघालो.

दार त्याच्या आईने उघडलं. मी पोलिसात होतो हे लेकीने सांगताच बाईंचा चेहरा ताठ झाला.

"वहिनी, सकाळी पूजा केलीत ते पिस्तूल बघायचंय."

"किंमत करायला आलात ना? विकायचं नाही. आणि दाखवणारही नाही."

"ते कुठनं आणलंत?"

"सांगणार नाही. मुलाला विकायची घाई झाली असेल, मला नाही."

चौकशीत गप्प बसणारे मी पुष्कळ पाहिलेत. भ्यालेल्या माणसाची नजर नको म्हटलं तरी लपवलेल्या जागेकडे जाते. या बाई सरळ माझ्याकडे बघत होत्या. हा राग होता, भीती नव्हे. मग मी लेकीच्या फोनवरचा फोटो मोठा करून पुन्हा पाहिला, आणि या वेळी पिस्तूल सोडून हळदकुंकू पाहिलं.

ठाण्यात दर खंडेनवमीला रायफलींना हळदकुंकू आम्हीच लावायचो. लोखंडावर ओली हळद वरच्या वर वाळते, फडकं फिरवलं की निघते. या फोटोत मात्र ती चहूबाजूंनी आत शोषली गेली होती.

"वहिनी, हा कागद आहे ना?"

त्या आत गेल्या. पाट घेऊन आल्या. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खऱ्या आकाराचा फोटो! कडेने नीट कापलेला.

"हे वारले तेव्हाच खरं पिस्तूल मी पुण्यात परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं. ते इथे आणायला मी काय वेडी आहे? पण ह्यांनी एक खंडेनवमी चुकवली नाही हो. मग मी कशी चुकवू?"

मी पाणी मागितलं. लेक तर रडायलाच लागली. बाईंना कळेना, एवढं झालंय तरी काय. सगळं सांगितल्यावर त्यांनी मुलाला फोन लावायला घेतला.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मी म्हटलं, "आधी ग्रुपवरनं तो फोटो काढ."

"पण काका, तो तर फोटोचाच फोटो आहे."

"ते कळायला मला बेडोकपर्यंत यावं लागलं, बाबा."

त्याने फोटो काढला आणि मग चाचरत किंमत विचारलीच. मी सांगितलं, घरच्यांना वाटतं स्मारक म्हणजे मोठं घबाड. बाजार विचारतो, अशी किती काढली होती, मूळ पेटी आहे का, सोन्याचा मुलामा शाबूत आहे का. शिवाय घेणाऱ्याकडेही परवाना हवा, म्हणजे गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं.

"मुलामा?" बाई म्हणाल्या. "हे तर दर वर्षी मूठ चिंचेने घासून लख्ख करायचे."

"मग निम्मी किंमत त्या चिंचेनेच खाल्ली, वहिनी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पानं वाढायला उठल्या.

नोकरीत माझा संशय खरा ठरला की मला समाधान वाटायचं, आणि त्यालाच मी हुशारी समजत आलो. समोरच्याचं घर त्यात बुडतंय, हे तेव्हा मनात यायचं नाही. त्या दिवशी एमआरटीत मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागत होतो की आपलं चुकू दे. चुकलं, आणि मी त्या घरी पोटभर जेवलो.