पान्याच्या पोटातलं ग्रीस

विहिरीच्या काठावर उभं राहायची मला अजून भीती वाटते. आणि माझं काम तिथंच.

माझे मिस्टर, यांना मी 'हे'च म्हणणार, विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करतात. आम्ही अमळनेरला राहतो, पण काम कधी साक्रीकडे, कधी बोदवडला. यांच्या जोडीचा माणूस सुरतेला निघून गेला. नवा मिळेना, आणि गव्हाच्या पाण्याचे दिवस तोंडावर आलेले. मग मीच यांच्या मागे मोटारसायकलवर बसून जायला लागले. वर थांबून दोर सांभाळायचा आणि मागतील ते हत्यार बादलीतून खाली सोडायचं, एवढंच. एवढंच म्हणते, पण हे खाली उतरले की वर येईपर्यंत माझी नजर दोरावरून हलत नसे.

अशाच एका आठवड्यात यांचा रॅचेट पाना जड फिरत होता. रॅचेटचं सुख असं, की नटावरून पाना न काढता दांडी मागेपुढे करत राहायचं. पोटात दातांचं चाक असतं आणि त्यात अडकणारा बोटाच्या पेराएवढा खटका. मागे आणताना कटकट वाजतं, ओढताना खटका चाकाला धरून ठेवतो. यांनी पाना उघडला आणि बेअरिंगचं घट्ट ग्रीस बोटानं ठासून भरलं.

"आता वर्षभर बघायला नको," म्हणाले. स्वयंपाकघरात फिरवून दाखवला तर लोण्यासारखा फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या अलीकडच्या एका मळ्यात गेलो. थंडी अशी की पेटीतलं लोखंड हाताला डसत होतं. विहिरीत अर्ध्यावर लोखंडी गर्डर, त्यावर मोटार. हे कमरेला दोर बांधून उतरले. दोराला वर निंबाच्या खोडाचे दोन वेढे दिले होते आणि टोक माझ्या हातात. मळ्याच्या मालकीणबाई, अक्का, चहा घेऊन आल्या होत्या.

पाइपाच्या जोडाचा एक नट गंजून बसला होता. यांनी गर्डरवर पाय रोवले, अंग मागं टाकलं आणि रॅचेट ओढला. खटका सुटला. मला वर फक्त लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि दोर हिसका देऊन माझ्या तळव्यातून सरकला.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. वेढे आवळले, दोर थांबला. अक्कांनी किटली टाकून माझ्या मागून दोर धरला. "सोडू नको माय! मी शे ना!" त्या अहिराणीत ओरडल्या.

"अहो! अहो, ऐकू येतंय का?"

खालून काही नाही. मोटारीवरून पाणी ठिबकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. दोर सोडून वाकून बघावं तर हे खाली जाणार, न बघावं तर जिवंत आहेत की नाही कळणार नाही. तसली भीती मी आधी कधी पाहिली नव्हती.

मग आवाज आला, बारीक. "ढिला करू नको. पाय... पाय टेकतोय."

कडेच्या लोखंडी पायऱ्यांनी हे वर आले तेव्हा भुवईवर फाटलं होतं, ओठ पांढरे पडले होते. पाना मनगटाला सुतळीनं बांधलेला, म्हणून तो राहिला होता. उन्हात बसून यांनी तो फिरवला. आधी काहीच वाजेना. खटका थंडीनं घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये रुतून बसला होता, त्याच्या मागची केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला दातांकडे ढकलू शकत नव्हती. थोडं ऊन लागलं आणि पाना परत शहाण्यासारखा कटकट करायला लागला. ते ऐकून मला जास्तच भीती वाटली. म्हणजे घरात तो नेहमी बरोबरच वाजला असता.

"रिंग पान्यानं खोलतो, त्याला खटकाच नाही," म्हणत हे उठायला लागले.

"आज नाही," मी म्हणाले. मी पेटीचं झाकण लावलं.

"राहू दे भाऊ," अक्का म्हणाल्या. "गहू काय एक दिवसमा मरत नही."

घरी येऊन आम्ही पाना पुरता खोलला. ग्रीस काडीनं खरवडलं, सगळे भाग डिझेलमध्ये धुतले, दातांतली घाण जुन्या ब्रशनं काढली. कोरडं करून चाकाला आणि खटक्याला शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब दिले, वरचं फडक्यानं पुसलं. ओल राहावी, पण साचू नये, इतकंच. मग मी तो रात्रभर बाहेर गच्चीवर ठेवला आणि पहाटेच्या गारठ्यात कानाला लावून फिरवला. प्रत्येक दात वेगळा वाजला.

"मी नाही म्हटलं तर ते हत्यार खाली जाणार नाही," मी सांगितलं. यांचं बोट भुवईवरच्या पट्टीला लागलं, तशी यांनी मान डोलावली.

त्याच दिवशी परत त्या मळ्यात गेलो. हे उतरताना मी दोराला तिसरा वेढा घातला. गंजलेल्या नटाला यांनी रिंग पाना लावला, बाकीच्यांना रॅचेट. खालून कटकट येत होती, आणि ती मधेच थांबली की मी दोर आवळून धरायचे. हे नुसते हात बदलत होते.

दुपारी मोटार सुरू झाली, पाटात पाणी आलं. अक्का हसत होत्या. मला हसता येईना. मी दोर गुंडाळत राहिले.