चुकामूक झाली तर

दौंडला आमच्या आळीतलं कुणी पुण्या-मुंबईला निघालं की आधी माझ्याकडे येतं. मी नोकरीच्या कामानं वरचेवर पुण्याला जाते आणि सांगायचं ते मुद्देसूद सांगते, एवढंच कारण. सगळे पैसे एका खिशात ठेवू नका. पत्ता दुकानदाराला विचारा, रस्त्यानं चालणाऱ्याला नको. तोही परगावचाच असतो. नवी चप्पल घालून जाऊ नका. दवाखान्यात जायचं असेल तर घरून खाऊन निघा, तिथं जेवायची शुद्ध राहत नाही. यात पूर्वी आणखी एक सूचना असायची: चुकामूक झाली तर आहात तिथंच थांबा. ती मी आता देत नाही.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आई माझ्याकडे दौंडला आली होती. आप्पा आणि धाकटा भाऊ गावी होते, शिरूरच्या बाजूला, घोडनदीच्या काठी. तिकडे आप्पांच्या पोटात एकाएकी दुखायला लागलं आणि भावानं त्यांना एसटीत घालून थेट पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. निरोप घेऊन आलेला गावचा माणूस दारातच उभा राहिला.

"ताई, उद्या सकाळीच कापायचं म्हणत्यात डॉक्टर. वाचतील का, ते सांगत न्हाईत. आप्पा म्हणले, तुमच्या आईला एकदा बघू द्या. भेटायची येळ चार ते सहा. आन् ही औशदाची चिठ्ठी, भाईरून आणायचंय, तुमच्या भावापाशी पैकं न्हाईत."

आम्ही लगेचची पॅसेंजर पकडली. आई आयुष्यात पहिल्यांदा पुण्याला निघाली होती. डब्यात खिडकीशी बसल्या बसल्या तिनं भाकरीच्या लाल फडक्याची कड टर्रकन फाडली आणि खिडकीच्या गजाला बांधली.

"आई, हे काय?"

"आसू दी. आपली गाडी वळखाया."

"ही काय आपली बैलगाडी आहे? लोक बघतायत."

"बघंनात. त्यांचं काय झिजतंय?"

शिरूरच्या आठवडी बाजारात नदीकाठी शेकड्यानं बैलगाड्या सुटलेल्या असायच्या, सगळ्या एकसारख्या. आमच्या गाडीच्या खुंट्याला आई लाल चिंधी बांधायची. बाजारात कुणी हरवलं की शोधत फिरायचं नाही, चिंधी बघून गाडीपाशी येऊन बसायचं, हा घरचा नियम. दिवस कलला की आप्पा गाडीशी उभे राहून एकेकाच्या डोक्याला हात लावून माणसं मोजायचे. सगळी भरली की म्हणायचे, "हाकला." त्याशिवाय गाडी हलायची नाही. हे मला सगळं माहीत होतं. पण ते बाजाराचं होतं आणि हे पुणं होतं.

पुण्याला उतरलो तेव्हा आईचे पाय सुजले होते. औषधाचं दुकान स्टेशनासमोरच होतं, पण दुकानापुढं रांग होती. मी तिला तिकीटघराच्या मोठ्या दालनात एका खांबाला टेकून बसवलं.

"मी औषध घेऊन येते. काही झालं तरी इथून हलू नकोस."

"न्हाई हलत. मी काय तान्ही हाय व्हय?"

परत आले तर खांबाभोवतीची फरशी ओली होती आणि तिथं कुणीच नव्हतं. शेजारी संत्री विकणारा म्हणाला, "फरशी धुवायला आले होते, बाई. शिपायानं सगळ्यांना उठवलं. जो तो गेला आपापल्या वाटेनं."

"हिरव्या लुगड्यातली म्हातारी कुठं गेली?"

"म्हाताऱ्या तीन होत्या."

मी क्रमानं शोधायला लागले. बायकांची विश्रांतीची खोली, पाण्याचे नळ, टांग्यांचा अड्डा, शहर बसचा थांबा, पुन्हा खांब. क्रम संपला की पहिल्यापासून. पोलीस चौकीतल्या हवालदारानं वर्णन विचारलं. हिरवं नऊवारी, हनुवटीवर गोंदण, हातात लाल फडक्याचं गाठोडं.

"बाई, आत्ता सोलापूरकडची गाडी येईल. तिच्यातून अशा पन्नास उतरतील. त्यातली तुमची कुठली धरू?" मग माझं तोंड बघून त्यानं खुर्ची पुढं ढकलली. "घरातून भांडून निघाल्या होत्या का?"

"नाही."

"मग मिळतील. भांडून गेलेल्या मिळत नाहीत."

त्यानं कर्ण्यावरून आईचं नाव पुकारायला लावलं. ते नाव छपरात घुमलं. आईला त्या नावानं लग्नानंतर कुणी हाक मारली नव्हती. ती घरात आई, भावकीत थोरल्या वहिनी, गावात आक्का. कुण्या परक्या बाईला बोलावतायत असंच तिला वाटलं असणार.

चार वाजून गेले. औषध माझ्याकडेच होतं आणि ते पोचायला हवं होतं. मी दवाखाना गाठला. वॉर्डच्या दारातच भावानं माझ्या मागं बघितलं. "आई?"

मी मान हलवली. तो भिंतीला टेकला. "ताई, आता आप्पांना काय सांगू? दुपारपासून दाराकडं तोंड करून पडल्यात."

आप्पा खाटेवर लहान दिसत होते. ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, "आली का ती?"

"येतीय. खाली आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बैल विकत घेताना दलालाकडं बघायचे तसं. "हरवली व्हय?"

मला रडू फुटलं. सगळं सांगितलं, खांब, ओली फरशी, शिपाई. ते डोळे मिटून ऐकत होते. कळ ओसरू दिली आणि म्हणाले, "तू तिला काय सांगितलंस?"

"काही झालं तरी हलू नकोस म्हणून."

"बसू देत्यात व्हय शहरात कुणाला? उठिवलं आसंल, म्हंजी ती गाडीपाशी गेली आसंल. दुसरीकडं कुठं जाईल ती? आलात ती गाडी कुठाय?"

तिथून पुढं मी ती सूचना बदलली. आता सांगते: भेटायचं ठिकाण निघायच्या आधी ठरवा, तिथून कुणी हुसकणार नाही ना, ते बघा, आणि ते तुमच्या मनानं ठरवू नका. सोबतच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हरवलात तर तुम्ही कुठं जाल? ते जे सांगतील तेच ठिकाण.

स्टेशनावर आमची गाडी फलाटावर नव्हती. रेल्वेच्या एका खलाशानं लांब बोट दाखवलं. "दौंडची ना? ती काय, तिकडं उभी करून ठेवलीय. संध्याकाळी लागेल परत." मी फलाटाच्या टोकाकडून उतरले आणि रुळांच्या कडेकडेनं त्या रिकाम्या गाडीपाशी गेले. एकेक खिडकी बघत पळत होते. सगळे डबे एकसारखे, सगळे गज एकसारखे. गाडीचं टोक जवळ यायला लागलं तसा माझा धीर सुटत चालला. मग एका गजाला लाल चिंधी दिसली.

आई सकाळच्याच जागेवर बसली होती. गाठोडं मांडीवर, पदर नीट.

"किती येळ गं? मी गाडीत बसले तवा ती तिथंच व्हती. मग त्यांनी हिकडं सावलीला आणली. म्या काय उतरले न्हाई." मग माझ्याकडं बघून, "त्येंचं काय?"

मी तिला उतरवत होते तेव्हा तिनं चिंधी सोडून कनवटीला लावली.

आम्ही पोचलो तेव्हा दवाखान्याचं फाटक बंद झालं होतं. रखवालदार आतून म्हणाला, "सहा वाजले. उद्या चारला या."

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे हो. नुसतं तोंड बघू द्या."

"इथं सगळ्यांचंच काहीतरी असतं, बाई. त्यात पुरुषांचा वॉर्ड. या वेळेला बाईमाणसाला सोडलं तर माझी नोकरी जाईल."

मी हात जोडले, आवाज चढवला, पुन्हा हात जोडले. भाऊ खाली आला, त्यानंही विनवलं. काही झालं नाही. आईनं कनवटीची चिंधी काढली, फाटकाच्या गजाला गाठ मारून बांधली आणि खाली बसली.

"त्येंला सांग," ती भावाला म्हणाली, "गाडी हितं सोडलीया."

"आजी, इथं बसायचं नाही," रखवालदार म्हणाला.

"एक डाव उठले आज. आता न्हाई."

त्यानं दोनदा सांगून बघितलं. मग आपलं स्टूल उचलून लांब नेलं.

सकाळी आप्पांना ऑपरेशनच्या इमारतीत नेताना आतल्या मोकळ्या आवारातून ढकलगाडी आली. भाऊ बाजूनं चालत होता. त्यानं वाकून आप्पांच्या कानात काही सांगितलं. आप्पांनी मान वळवली. त्यांना चिंधी आधी दिसली असावी, मग आई. मधे फाटक आणि बरंच अंतर. त्यांनी चादरीतून हात काढला, पंजा पसरून हवेत जरासा धरला, डोक्यावर ठेवावा तसा. फाटकाच्या अलीकडं आईनं डोकं खाली केलं.

ढकलगाडी आत गेली. दुपारी भाऊ एकटा बाहेर आला.

गावी न्यायला आम्ही टेम्पो ठरवला. आप्पा मधे, आम्ही दोन्ही बाजूंना. चालकानं गाडी सुरू केली तशी आईनं टपावर थाप मारली. "थांबा. माणसं मोजायचीत."

तिनं भावाच्या डोक्याला हात लावला, मग माझ्या, मग स्वतःच्या. मग वाकून पांढऱ्या कापडावरून आप्पांच्या कपाळावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. चालक आरशातून बघत होता.

"सगळी हायेत," ती म्हणाली. "हाकला."