पाचवं नख

परदेशात, क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत एक व्हिएतनामी मुलगी राहायची. दोघी एकाच विद्यापीठात संशोधन करायचो. एका वर्षी तिची आई येऊन राहिली, सत्तरीची, बारीक चणीची. मी तिला आंटी म्हणायचे. बोलणं सगळं लेकीमार्फत.

आंटीचे वडील हुए शहरात राजदरबाराच्या पोशाखांवर भरतकाम करायचे. त्यांच्या हातचा एकच तुकडा तिच्याकडे होता. हातभर निळं रेशीम, त्यावर जरीचा अर्धा ड्रॅगन, तोंड आणि पुढचा एक पंजा. दरबार संपला, तुकडा घरीच राहिला. वडिलांच्या स्मृतिदिनी तो नीट करून त्यांच्या फोटोपुढे ठेवायचा, एवढीच तिची इच्छा. पण डोळ्यांत मोतीबिंदू, सुईत दोरा जाईना.

मला भरतकाम येतं, आणि येतं हे सांगायची खोडही आहे. म्हटलं, द्या इकडे! मग दर रविवारी दुपारी आम्ही बसायचो. जरीची तार कापडावर ठेवायची आणि बारीक लाल रेशमाच्या टाक्यांनी बसवायची. मागच्या गाठीला मात्र आंटी हटून बसायची. दोन वेढे, एक उलटा, तिच्या वडिलांची गाठ. माझी साधी गाठ तिच्या बोटांना लगेच कळायची. चार वेळा उसवायला लावलं बाईने. वैताग आला होता मला.

स्मृतिदिन आठवड्यावर आला. पंजाला चार नखं होती आणि शेजारी रिकामी जागा, सुईच्या जुन्या भोकांसकट. मला वाटलं, पाचवं झिजून गेलं असेल. एका संध्याकाळी कुणाला न विचारता मी ते भरून टाकलं. म्हटलं, आंटी खूश होईल.

कसलं काय! तिने पंजावरून बोट फिरवलं, मोजलं आणि हात मागे घेतला. लेक म्हणाली, "पाच नखं फक्त राजाची. बाकीच्यांना चार. दुसऱ्या कुणासाठी पाचवं भरणाऱ्या कारागिराला शिक्षा व्हायची. हे असं आजोबांपुढे ठेवायला आई तयार नाही."

माझं डोकंच फिरलं. कुणी काय ल्यावं हे ठरवणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग. माझ्या आजीला गावात जरीकाठाचं लुगडं नेसायची बंदी होती. वरच्या आळीतल्यांनी एकदा तिच्या अंगावरचं फाडलं होतं. मी फाडकन बोलले, "राजा राहिलाय कुठे आता? कोण मोजतंय?"

आंटी शांतपणे काहीतरी म्हणाली. लेकीने सांगितलं, "बाबा मोजतील म्हणते."

आपण नको तिथे हात घातला, हे पटलं मला. जुनं रेशीम फाटू नये म्हणून मागून उसवायचं ठरलं. आजवर अस्तराच्या सुटलेल्या कडेतून बोटं घालून मी मागे गाठ मारायचे, आत कधी पाहिलं नव्हतं. आता पहिल्यांदाच त्याची उरलेली शिवण सोडली.

आत, बरोब्बर त्याच जागी, शाईने काढलेली पाचव्या नखाची रेघ होती. तिच्यावर लाल रेशमाचे जुने तुकडे अडकलेले, विटलेले. माझं रेशीम नवंकोरं, ते निराळं दिसत होतं. अगं बाई! हे नख झिजलं नव्हतं. कुणीतरी ते भरून मग उसवलं होतं.

मी आंटीचा हात धरून तिथे नेला. तिच्या बोटांना जुन्या रेशमाची एक गाठ लागली, मग दुसरी. दोन वेढे, एक उलटा. किती तरी वेळ ती तेवढंच चाचपत राहिली. मी कात्री घेऊन तशीच उभी होते.

मग ती बोलली. लेकीला रडू आवरेना, त्यामुळे मला जरा थांबावं लागलं.

"उसवू नकोस म्हणते. बाबांनी पाचच मोजली होती."

तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि अस्तर शिवायला सुईत दोरा ओवून मागितला.