स्क्रिप्चरचा अर्थ मला उशिरा कळला

खरं सांगते, त्या दिवसांत माझी श्रद्धा गेली नव्हती, पण पार थकली होती. पक्षाघातानं यांची वाचा गेली त्याला आठ महिने होत आले होते. ती परत यावी म्हणून महाराजांच्या पोथीची एकवीस पारायणं मी बोलले होते. त्यातली चौदा कशीबशी झाली होती. शाळेतून आलं की यांना भरवायचं, अंग पुसायचं, मग देवघराचं दार लोटून मनातल्या मनात भराभर ओव्या उरकायच्या. अंगात पेपर तपासायची सवय, त्यामुळे बोट जिभेला लावून पान उलटायचे. पोथीला उष्टं बोट लावू नये हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घाईत कोण बघतं? ओलं होऊन होऊन एके दिवशी एक पान मधोमध फाटलं आणि मी तिथंच रडत बसले. नवस मोडला, आता हे कधीच बोलणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

आमच्या अमडापुरात पुस्तकं बांधणारं कुणी नाही, म्हणून पोथी चिखलीला नेली. तिथे एक म्हातारे बाइंडर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी हात धुतले, मग पोथी घेतली. दुरुस्तीला आलेले धर्मग्रंथ ते जमिनीवर ठेवत नाहीत. वरच्या फळीवर कुराण, बुद्धवंदनेचं पुस्तक आणि कुणाची तरी जुनी गाथा शेजारी शेजारी होती. मला हसू आलं. त्याच सकाळी नववीला ‘स्क्रिप्चर’ हा शब्द शिकवताना उदाहरणं देऊन घसा कोरडा पडला होता, आणि इथे सगळी एका फळीवर. चाचांनी विचारलं म्हणून अर्थ सांगितला: कुठल्याही धर्माचा पवित्र ग्रंथ, मुळात ‘लिहिलेलं’.

“लिहिलेलं नंतर, बाई. आमच्यात तं कुराण लोकायनं आधी ऐकलं, पाठ केलं,” ते म्हणाले. मग पारायणाचं सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, “मालकाले ऐकू येते ना? मंग त्याईले काऊन नाही ऐकवून राह्यल्या?”

मी यांच्यासाठी वाचत होते, पण यांच्यापासून दार लोटून घेऊन. याची फार लाज वाटली.

पोथी आणल्यावर खाटेशी बसून मोठ्यानं वाचू लागले. कितवं पारायण, ते सोडून दिलं. चार-पाच दिवसांनी एका ओवीच्या मध्यावर इतका शीण आला की आवाजच निघेना. तेव्हा ओवीचा उरलेला चरण खाटेवरून आला. जड, वाकडा, पण पूर्ण. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली पोथी होती ती यांची.

डॉक्टर म्हणाले, जुनं पाठांतर असं कधी कधी निघतं. निघत असेल. मी वाद घालत नाही.

अजून यांना पाणी मागता येत नाही, माझं नाव घेता येत नाही. मी अजून थकतेच. पण काय द्यायचं आणि किती, हे महाराजांना सांगणं मी बंद केलंय. संध्याकाळी अर्धी ओवी म्हणून थांबते, उरलेली हे म्हणतात. घरात पुन्हा दोन माणसांचा आवाज आहे, महाराज. मला पुरतो.