चांगुणेने राखलेल्या नऊ पाट्या

मागच्या महिन्यात आपल्या साप्ताहिकात चार ओळी आल्या होत्या. कळव्याच्या आट्यापाट्यांच्या वस्तादांचे कुटुंब अल्पशा आजाराने वारले, अशा. मिठागराचा कारकून मला वाचून दाखवायला लागला. म्हटलं, दे इकडे, तीन बुकं शिकलोय मी. दोनदा वाचलं. गावाचं नाव होतं, माझी वस्तादकी होती, पण कुटुंब म्हणजे माझी बायको, तिचं नाव नव्हतं. तिचं नाव चांगुणा. नवऱ्याने बायकोचं नाव घेऊ नये म्हणतात, आणि सबंध संसारात मी ते चारचौघांत घेतलं नाही. आता घेतो. लाजायला घरात कोण उरलंय? आणि त्या चार ओळींत एक खोटं आहे. ते छापणाऱ्याचं नाही, माझं आहे. तेवढं निस्तरावं म्हणून लिहायला बसलो.

मी मिठागरावर मुकादम आणि ती तिथेच मिठाच्या टोपल्या वाहणारी. आमच्या गावात आट्यापाट्यांचा नाद जुना. जमिनीवर नऊ पाट्या आखायच्या, एकेका पाटीवर एकेक राखणदार, आणि समोरच्या गड्यांनी त्यांचा हात चुकवून पार जायचं, पुन्हा परत यायचं. मी आमच्या गड्यांचा म्होरक्या झालो तो खेळात हुशार म्हणून नव्हे, आवाज मोठा म्हणून. मिठागरावर ओरडायचो तसाच मैदानात ओरडायचो. एखाद्याची पाटी फुटली, म्हणजे समोरचा त्याला चुकवून पार गेला, की त्याच्या बापापासून सुरुवात. लागोपाठ तीन वर्षं कल्याणकरांनी माघातल्या जत्रेत आम्हाला लोळवलं. तिसऱ्या वर्षी नामा नावाच्या गड्याला मी सगळ्या जत्रेदेखत म्हटलं, “जा, बायकांत जाऊन बस.” तो गेला तो परत आलाच नाही. त्याच्यामागे आणखी दोघे गेले. नऊ पाट्यांना सहा गडी राहिले. मी घरी येऊन भाकरीवर राग काढत होतो.

चांगुणा म्हणाली, “आवो, तुमचा गडी चुकला की तुमी ओरडता. मग तो तुमच्याकडं बघतो. बाकीचे त्याच्याकडं बघतात. समोरून येणाऱ्याकडं बघतो कोण?”

“मग काय आरती ओवाळू त्याची?”

“नको. गप बसा. तेवढं जमलं तरी पुष्कळ हाय.”

मग तिने तिचं सांगितलं. बांध हातभर रुंद, एका अंगाला खाडी, एका अंगाला मिठाचे वाफे. बारा बायका डोक्यावर टोपली घेऊन एकामागे एक जातात. एकीची टोपली कलंडली तर ती थांबत नाही आणि तिला कोणी बोलत नाही. थांबली तर मागची तिच्यावर आदळते. मात्र जिचं सांडलं तीच मागच्यांना ओरडून सांगते, इथं निसरडं हाय गो, पाय जपा. “जिचा पाय घसरला तिलाच कळतं कुठं घसरतं ते,” चांगुणा म्हणाली. “तुमच्यात ज्याची पाटी फुटली तो तोंड लपवतो. त्यानंच पुढच्याला हाक द्यायची, गडी कुठून निसटला, कुठल्या अंगानं येतोय.”

मला पटलं, पण मुकादम ना मी... म्हटलं, ते सोड, गडी कुठून आणू? तर म्हणाली, नामाच्या घरी जा. मी म्हटलं, तो गडी आहे, मी म्होरक्या, मी कसा जाऊ?

“मग एकटेच उभे राहा नऊ पाट्यांवर.”

गेलो. नामाच्या अंगणात अर्धी दुपार बसलो, तो घरात बसून राहिला. शेवटी बाहेर आला आणि म्हणाला, “मुकादम, ऊन लागेल.” एवढंच. दुसऱ्या दिवशी मैदानात आला. त्याच्यामागे बाकीचे दोघेही आले. वर्षभर मी तोंडात सुपारी धरून उभा राहायला शिकलो. रोज घरी आलो की चांगुणा चूल फुंकता फुंकता विचारायची, आज कोण कुठे चुकला, कोणी हाक दिली. ती सांगायची, मी दुसऱ्या दिवशी गड्यांना सांगायचो. तिचे शब्द, माझा आवाज.

पुढच्या माघात भरतीवर होड्या घालून कल्याणला गेलो. बायकाही जत्रेला आल्या होत्या. नामाची पाटी दोनदा फुटली, दोन्ही वेळा त्याने पाठीमागे हाक दिली आणि पुढच्या पाटीवरच्याने गडी टिपला. आम्ही जिंकलो. जत्रा भरवणाऱ्या शेटजींनी माझ्या डोक्याला पागोटं बांधलं आणि विचारलं, “असलं राखणं आम्ही पाहिलं नाही. कोणाकडे शिकलात?”

मी म्हटलं, “कोणाकडे नाही. आमचंच डोकं.”

चांगुणा आठ-दहा हातांवर उभी होती. तिने ऐकलं. होडीत मी वाट बघत बसलो, आता बोलेल, मग बोलेल. ती म्हणाली, “वारं सुटलंय, पागोटं सांभाळा.”

याला पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. त्या पागोट्यावर मी वस्ताद झालो. नौपाड्याच्या शाळेतले मास्तरसुद्धा येऊन विचारून गेले, पोरांना एकजुटीने कसं खेळवायचं. मी तिचं बोलणं माझं म्हणून सांगितलं, आणि ती त्यांना गूळपाणी देऊन आत गेली. शेवटच्या आजारात एका सकाळी माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, पेज गरम करू? ती म्हणाली, करा.

तेरावं झाल्यावर नामा बसायला आला. आता त्याचेही दात गेलेत. त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मुकादम, आमाला त्याच जत्रेत कळलं होतं. तुमी आणि इतकी अक्कल? आमी वहिनीला विचारलं, तर कबूल झाली.”

“मग इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“तिनं बोलू दिलं नाय. म्हणाली, कोणी टोकू नका त्यांना. आपले आपण सांगतील.”

नामा गेला. सगळ्या गड्यांना ठाऊक होतं आणि मी एकटा ते उराशी धरून बसलो होतो, याचं काही नाही. पण ती वाट बघत होती... पेज गरम करू का म्हणून विचारलं तेव्हासुद्धा.

खेळणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते घ्यावं. गड्याला हिणवू नका आणि शिकवणाऱ्याचं नाव वेळेवर घ्या, यापलीकडे मला काही येत नाही. घरात आता बोलणं नाही. भाकरी शेजारून येते, मी खातो. शेवटच्या वर्षी तिला दम लागायचा, तेव्हा खाडीवरून परतताना मी तिला बांधावर पुढे घालायचो, म्हणजे तिच्या चालीने चालता यायचं. ती सवय राहिली आहे. अजूनही बांध सुरू होतो तिथे मी थांबतो, तिला चार पावलं जाऊ देतो, आणि मग निघतो.