दोघांपैकी कुणाचा ठोसा जड

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये आमचा बॉक्सिंग क्लब होता. तिथे मी सात वर्षं पॅड धरली. डाव्या डोळ्याच्या दुखापतीमुळे स्वतः लढणं सुटलं होतं, पण रविवारी घरात बसवत नव्हतं. त्या वर्षांत कितीतरी जणांचे ठोसे मी तळहातांवर झेलले. लक्षात राहिले ते दोघांचेच. दोघंही मिडलवेट, म्हणजे पंचाहत्तर किलोच्या गटातले, आणि दोघांनीही राज्य गाजवलेलं.

एक नेरूळचा. वडील नोकरीसाठी साताऱ्याहून इकडे आलेले. हा रुंद खांद्यांचा, बडबड्या. त्याचा उजवा हात पॅडवर बसला की शेडचे पत्रे थरथरायचे आणि शेजारच्या कंपनीचा वॉचमन काय झालं म्हणून डोकवायचा. त्याच्यासोबत सराव केला की दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे.

दुसरा जासईचा. तिथल्याच आगरी घरातला, कंटेनर यार्डात कामाला. सडसडीत, अबोल. त्याच्या ठोशाला आवाजच नव्हता. पण त्याच्यासमोरचे भलेभले खाली बसायचे, आणि बसल्यावर मान वळवून मागे बघायचे. मागून कुणी मारलं की काय, असं. आम्ही त्यावर हसायचो.

एका रविवारी दुपारी क्लबात वाद पेटला, जास्त जड ठोसा कुणाचा? शेवटी आमचे कोच मला म्हणाले, “दोघांचे तूच झेलतोस. तूच सांग एकदाचं.”

मी सरावाच्या टांगलेल्या पंचिंग बॅगेला मागून मिठी मारली, गाल टेकवला आणि डोळे मिटले. आधी नेरूळचा. एकच ठोसा. बॅगेसकट मी दोन पावलं मागे गेलो, छातीत घंटा वाजल्यासारखं झालं. सगळे ओरडले.

मग जासईचा. मी पाय घट्ट रोवून वाट पाहत राहिलो. आणि तो लागला. छातीत नाही, पाठीत, खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मधोमध. गार. ओला हात कुणीतरी आतून दाबावा तसा. श्वास पार निघून गेला. श्वास परत आल्यावर मी म्हणालो, “बस, कळला.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग त्याचा आवाज आला, “दादा, मी अजून मारलाच नाय.”

डोळे उघडून बॅगेआडून पाहिलं. तो चार हात लांब उभा होता. एका ग्लोव्हची नाडी दातात धरून बांधत होता.

कोच हसले. “घाबरतोस काय रे एवढा?” बाकीचेही हसले. नेरूळचा मात्र माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “दादा, बॅग हलली होती. मी बघितलं.”

“माझाच धक्का लागला असेल,” मी म्हणालो. पुन्हा बॅग धरायला मी तयार झालो नाही. नेरूळच्याचा ठोसा जड, असा निकाल देऊन टाकला. तो खोटा आहे हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.

पुढे चार-पाच महिन्यांनी राज्याच्या निवड चाचणीत दोघं समोरासमोर आले. मी नेरूळच्याच्या कोपऱ्यात होतो. दुसऱ्या फेरीपर्यंत तो स्पष्ट पुढे होता. जासईच्यानं डावा खांदा जरासा उचलला, आणि नेरूळचा गुडघ्यावर बसला. रेफरी आकडे मोजत होता आणि हा मान वळवून माझ्याकडे बघत होता. मला विचारत होता, “मागं कोण होतं?”

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. बरगडीला तडा होता, पाठीच्या बाजूनं.

मी स्टुलावर मोबाइल उभा करून ती लढत टिपली होती. घरी एकेक क्षण थांबवून पाहिलं. नेरूळचा बसतो तेव्हा जासईच्याचा ग्लोव्ह आणि त्याचं अंग यांच्यात वीतभर अंतर दिसतं. कॅमेऱ्याचा कोन तसा असेल. मी अजून स्वतःला तेच सांगतो.

ते चित्रण मी जासईच्याला दाखवलं. त्यानं दोनदा पाहिलं आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

“हे आधीही झालंय?” मी विचारलं.

“मना वाटला, तुमाला म्हाईत हाय,” तो म्हणाला. “मारायचा इचार आला का ठोसा आधीच जातो. मंग हात जातो. कवा कवा मी हात मागं घेतो, दादा. पन तो गेलेला असतो.”

त्यानंतर तो क्लबात आला नाही. नेरूळच्याची बरगडी भरून आली. आता तो एका शाळेत मुलांना शिकवतो. हॉटेलात गेलो तर भिंतीला पाठ लागेल अशीच खुर्ची शोधतो.

गेल्या वर्षी जासईच्यानं नवं घर बांधलं म्हणून जेवायला बोलावलं. लग्न झालेलं, वर्षाची मुलगी. दुपारी जेवणं उरकली. मुलगी चटईवर झोपली होती. आतून बायको म्हणाली, “उठवा तिला, दूध पाजायचंय.”

तो जागेवरून उठला. एक पाऊल टाकलं असेल नसेल, पोर दचकली, पाठीची कमान करून किंचाळली. तो तिथेच थांबला. दोन्ही हात त्यानं मागे बांधून घेतले.

“हिला मारायचा इचार कवाच नाय आला, दादा,” तो म्हणाला. “मंग काय जातं?”

बायकोनं येऊन मुलीला खांद्यावर घेतलं, थोपटलं. आम्ही रस्त्याच्या कामाबद्दल बोललो. चहा घेऊन मी लवकरच निघालो. तो बसथांब्यापर्यंत सोडायला आला. गल्ली अरुंद, दोघं शेजारी मावेनात, म्हणून तो माझ्या मागे राहिला.

“तू पुढं चल,” मी म्हणालो.

त्यानं का म्हणून विचारलं नाही. अंग चोरून माझ्या बाजूनं पुढे सरकला आणि चालायला लागला.