पुढच्या झाकणाखाली

सैन्यात चोवीस वर्षं मी गाड्यांचं वायरिंग केलं. पार बंद पडलेली गाडी मला कधी जड गेली नाही. दोष एका जागी बसलेला असतो, आपण तिथं पोचायचं एवढंच. पण जो दोष येतो, तमाशा करतो आणि आपण हत्यारं काढेपर्यंत निघून जातो, त्याचा मला मनापासून संताप येतो.

धाकट्या भावानं दसऱ्याला स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, दोनच माणसं बसणार आणि बूड जमिनीला टेकलेलं. गावातल्या स्पीडब्रेकरवरून ती तिरकी घालावी लागली. भाऊ पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे, पण पूजा दारातच झाली पाहिजे म्हणून तो ती कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी घेऊन आला.

पूजा आईनं करावी हा हट्ट माझा. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव आमच्या ग्रामसभेत झाला तेव्हा मी हात वर केला होता. सभेत हात वर करायचा आणि घरात जुनंच चालवायचं, हे मला जमत नव्हतं. आई नको नको म्हणत होती. शेजारची चुलती कुंकवाचं ताट घेऊन उभीच होती. मी ते ताट तिच्याकडून घेतलं आणि आईच्या हातात दिलं. चुलती बाजूला सरकली.

आमच्याकडे ट्रॅक्टर असो नाहीतर मोटरसायकल, नारळ फोडला की त्याचं पाणी थोडं चाकावर आणि थोडं इंजिनावर घालतात. मी ऐटीत पुढचं झाकण उघडलं आणि म्हणालो, "आई, हितं वत." भाऊ हसायला लागला. "दादा, हिचं इंजिन मागं असतं. पुढं डिकी आहे." चोवीस वर्षांची नोकरी आणि मला इंजिन कुठं ते कळेना, म्हणून सगळे हसले. तोवर आईनं करवंटीतलं पाणी काचेखालच्या कोपऱ्यात ओतलंही होतं. तीही हसली. सहा वर्षांत तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि गाडीचं दुखणं सुरू झालं. भाऊ शनिवारी गावी यायचा, गाडी अंगणात लावायचा. रविवारी सकाळी बटण दाबलं की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागायचे. वायपर आपोआप फिरायचे, काच आपोआप खाली जायची आणि इंजिन काही उठायचं नाही. दहा वाजले की सगळं ठीक. कंपनीच्या सेंटरनं दोनदा गाडी ठेवून घेतली, स्कॅनर लावला आणि दोष नाही म्हणून परत दिली. पुण्यात ती कधीच बिघडली नाही. आमच्या दारात आली की बिघडायची.

हे माझ्याआधी चुलतीनं हेरलं. एका रविवारी गाडी अडली असताना ती कुंपणापलीकडून म्हणाली, "पुन्यात चालती आन हितंच कशी अडती? सवाष्णीचा हात लागला न्हाई न्हवं पयल्यांदा." आवाज मोठा नव्हता, पण आई तेव्हा अंगणात शेणाचा सडा टाकत होती.

त्यानंतर आई बदलली. कुणी बाहेर निघालं की ती आत जायची. ऊसतोड सुरू झाली, पहिल्या मोळीला कुंकू लावायला मी तिला बोलावलं, तर म्हणाली, "तूच लाव बाबा. मला ह्यातलं काय सांगू नगंस." मी ठराव सांगितला, विज्ञान सांगितलं, शेवटी ओरडलोही. ती ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला शहाणपण मिरवायचं होतं आणि त्याची शिक्षा ती भोगत होती.

भावाचं येणंही कमी झालं. एकदा सोमवारी पहाटे निघताना गाडी अडली, महत्त्वाची मीटिंग चुकली, तेव्हा चावी माझ्यापुढं टाकून तो म्हणाला, "दादा, तूच बघ आता. मला हिचं तोंड बघायचं नाही." आणि एसटीनं निघून गेला.

मग मी गाडीला चिकटलो. मला नुसता दोष सापडून चालणार नव्हता. आईपुढं ठेवून "बघ, हे होतं, तू नव्हतीस" असं म्हणता येईल अशी एक तुटकी तार, एक जळका फ्यूज मला पाहिजे होता. बॅटरी तपासली, चांगली. अर्थिंग तपासलं, चांगलं. सीट काढून खालच्या वायरी एकेक करून हलवल्या. उजाडायच्या आत उठून गाडीत बसायचो, दिवे नाचायला लागले की मीटर घेऊन धावायचो, आणि नेमकी जागा हाती लागायच्या आत ऊन वर यायचं. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी मी बॉनेटवर डोकं टेकून रडलो. साठीला आलेला माणूस, शेजारी बघत होते, पण रडलो.

तेव्हा सुचलं की सकाळचं दव हाच धागा आहे. आमच्या अंगणाला लागून पाटाचा ऊस आहे, दवानं सगळं भिजतं. पुण्यात गाडी छपराखाली असते. मी औषध फवारायचा पंप धुतला, साधं पाणी भरलं आणि भर दुपारी गाडीवर एकेका भागात बारीक फवारा मारत गेलो. मागं काही नाही. दारांना काही नाही. पुढचं झाकण उघडून काचेखालच्या कोपऱ्यात मारला आणि वायपर फिरले.

तिथलं प्लॅस्टिकचं आवरण काढलं. खाली फ्यूजचा डबा, त्यात येणारा जाड कनेक्टर. पिनांवर हिरवट थर चढला होता. पिनांच्या मधे वाळून चिकट झालेला डाग, त्यात नारळाच्या शेंडीचा एक तंतू आणि कुंकवाचा लाल ठिपका. ओल धरली की एका पिनेतला करंट त्या डागावरून दुसरीत जायचा. वाळलं की बंद.

पूजेच्या नारळाचं पाणी आईनं इथंच ओतलं होतं. हात तिचाच होता. झाकण उघडणारा आणि वत म्हणणारा मी होतो, पण हात तिचाच होता.

साफ करायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. आई दारात आली. "घावलं?"

"घावलं. पिन सैल हुती. कंपनीची चूक."

"कंपनीच्या मानसांनी दोनदा बघितली की."

"त्यास्नी काय कळतंय," मी म्हणालो आणि तो तंतू चिंधीत गुंडाळून खिशात घातला. ती माझ्याकडं बघून आत गेली.

मी पाच दिवस गाडी रात्रभर दवात ठेवून रोज सकाळी चालू करून बघितली. एकदाही अडली नाही. रविवारी भाऊ न्यायला आला. गाडीला ओवाळायला ये म्हणून आईनं स्वतःच चुलतीला निरोप धाडला होता. चुलती नटून आली, तिनं गाडीला ओवाळलं, बॉनेटवर कुंकू लावलं. भावानं बटण दाबलं आणि इंजिन लगेच उठलं.

"बगा," चुलती म्हणाली. "हात लागाय पायजे तो लागला."

भाऊही हसून मान हलवत होता. खरं कारण माझ्या खिशात होतं. ते काढून दाखवलं असतं तर नारळाचं पाणी कुणी ओतलं हेही तिथंच, सगळ्यांपुढं निघालं असतं. मी हात खिशातून बाहेर काढला नाही.

गाडी गेल्यावर मी आत गेलो. निदान एकटीला तरी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. आई चुलीपाशी बसून होती.

"चालू झाली?"

"झाली."

"बरं झालं बाबा," ती म्हणाली, "म्या भाईर न्हाई आले."